माल्वा तळाशी, पाठ वर

माल्वा पुडिंगाला माल्वा का म्हणतात, या प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या गिलगाल या मिशनच्या गावात तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो की पूर्वी या गरम केकवर माल्व्हेसी नावाची गोड दारू ओतीत. पुढे दारू गेली, नाव राहिले. दुसरा पक्ष म्हणतो की दुकानात त्याच नावाची मऊ, फुगीर मिठाई मिळते आणि हा केक तिच्यासारखा दबतो, म्हणून. तिसरा पक्ष स्वयंपाकघराच्या दाराशी डब्यात लावलेल्या माल्वाच्या झुडपाकडे बोट दाखवतो आणि गप्प बसतो. त्या झुडपाचे पान पुडिंगात घालताना कोणी कोणाला पाहिलेले नव्हते, त्यामुळे या पक्षाला मी पक्ष मानीतच नसे. मी चौतीस वर्षे मिशनच्या शाळेत भाषा शिकवली. मी पहिल्या पक्षाचा पुढारी होतो.

माझी थोरली बहीण हेस्टर या वादात कधीच पडली नाही. थोरल्या बहिणीला आमच्याकडे 'सुस' म्हणतात. मी सत्तर वर्षांचा झालो तरी तिला सुसच म्हणत होतो. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई आजारी पडली तेव्हा चौथीतून तिची शाळा सुटली आणि ती नासपतीच्या मळ्यावरच्या मोठ्या घरात स्वयंपाकाला लागली. तिच्या त्या नोकरीवर मी मास्तर झालो. हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण कृतज्ञ माणूस शहाणा असतोच असे नाही, हेही ओघाने सिद्ध होईल.

आमच्या लहानपणी रविवारची प्रार्थना आटोपली की आई माल्वा करी. लाकडाच्या चुलीची भट्टी, पांढरे, निळ्या काठाचे एनॅमलचे भांडे. केक भट्टीतून निघे तेव्हा त्याचा रंग जुन्या खोगिरासारखा तांबूस असे. तो निघताक्षणी त्यावर साय, लोणी आणि साखरेचे उकळते पाणी ओतायचे. गरमावर गरम, हा नियम. केक ते पिताना बारीक आवाज करी आणि आई म्हणे, "ऐका, तहान लागली होती त्याला." मग ती डावाने वरून वरून वाढी. मी दोनदा घेई, पुस्तक उचलून पायरीवर जाऊन बसे. भांडे घासायला हेस्टर उठे. या शेवटच्या वाक्याला मी पुढे साठ वर्षे काही महत्त्व दिले नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली चर्चच्या घंटेसाठी गावातल्या बायकांच्या पाककृतींचे पुस्तक छापायचे ठरले. संपादक मी. बायकांनी वहीच्या कागदांवर कृती लिहून आणल्या आणि मी लाल शाईने त्या शुद्ध केल्या. 'चिमूटभर'चे मी माप केले, 'होईपर्यंत'ची मिनिटे केली. हेस्टरचा कागद समितीच्या बैठकीत हाती आला. तिच्या चौथीतल्या टपोऱ्या अक्षरात कृती बहुतांशी नीटस होती: अंडे, साखर, जर्दाळूचा मुरंबा, मैदा, खायचा सोडा, दूध, शेवटी चमचाभर व्हिनेगर. पण भांड्याला लोणी लावण्याच्या सूचनेनंतर एक स्वतंत्र ओळ होती: 'माल्वा तळाशी, पाठ वर.'

मी ती मोठ्याने वाचली. बायका टेबलाभोवती बसल्या होत्या. हेस्टर दाराजवळच्या खुर्चीवर होती.

"सुस," मी म्हणालो, "सगळा पदार्थच माल्वा. मग माल्वात माल्वा कुठून घालायचा? म्हणजे पाण्यात पाणी घालून ओलं करायचं?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "आणि पाठ कुणाची वर, मास्तर? खाणाऱ्याची का करणारीची?" त्यावर आणखी हसू उसळले. मी त्या ओळीवर लाल रेघ मारली. हेस्टर उठून चहाचे पेले गोळा करू लागली.

पुस्तक छापले, घंटा आली. त्यानंतर गावात कोणी वेंधळेपणा केला की 'पाण्यात पाणी' असे म्हणण्याची पद्धत पडली. आणि हेस्टरने माल्वा करणे सोडले. भांडण झाले नाही. ती माझ्याकडे येत राहिली, मासे देत राहिली, माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसली. फक्त कोणी माल्वाचे नाव काढले की म्हणे, "पुस्तक आहे ना. छापलेलं आहे."

आता दोन हजार सातच्या ईस्टरला तिला जायचे होते. दोन्ही डोळ्यांत धुके उतरले होते. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळे. तिची मुलगी डेलिया सोमवारी पोर्ट एलिझाबेथला तिला कायमची घेऊन जाणार होती. योगायोग असा की त्याच महिन्यात पाद्रीसाहेबांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला मला सांगितले होते. पण मला आवृत्तीची फिकीर नव्हती. मला हेस्टरच्या हातचा माल्वा एकदा खायचा होता. ती गेल्यावर तो मिळणार नव्हता, आणि तो न मिळता ती गेली तर एकोणतीस वर्षांच्या त्या गप्प बसण्याला मी कधीच उत्तर देऊ शकणार नव्हतो. हे मला पक्के कळत होते. मात्र मी मुळात कशासाठी दोषी आहे, हे कळत नव्हते. व्याकरणाच्या दृष्टीने ती ओळ चूकच होती.

गुड फ्रायडेला तिच्याकडे हळद-कांद्यात मुरवलेले मासे खाताना मी विषय काढला.

"सुस, रविवारी माल्वा करशील?"

"डोळे कुठायत मला?"

"डेलिया आलीये की मदतीला."

"डेलियाला केक विकत आणता येतो." तिने पावाच्या तुकड्याने ताटली पुसली. "आणि तुला करता येत नाही? तूच लिहिलंयस की पुस्तक."

"मी संपादन केलं."

"तेच ते. मासा घे अजून. काटे बघ, मला दिसत नाहीत."

डेलिया खोक्यांत कपडे भरता भरता माझ्याकडे बघून हसली. "मामा, आईशी वादात तुम्ही कधी जिंकलाय का?"

"वादात अनेकदा," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. वादातच."

शनिवारी मी स्वतः माल्वा केला. पुस्तकातल्या सेहेचाळीसाव्या पानाप्रमाणे, वजन करून, घड्याळ लावून. केक सुरेख झाला, रंग तोच आला. गरमावर गरम ओतले तेव्हा तो तहानलेला आवाजही झाला. कपड्यात गुंडाळून मी तो हेस्टरच्या ओट्यापर्यंत नेला. त्या दिवशी गावातले सगळेच कबरींना चुना लावायला निघाले होते आणि वाटेत जो भेटेल तो म्हणत होता, "मास्तरांनी केक केला! आता घंटा आपोआप वाजेल."

हेस्टरने एक घास घेतला. तोंडात ठेवला. मग दुसरा घेतला, आणि माझ्या मनात आशा उभी राहिली.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? चांगला आहे. पुस्तकासारखा आहे."

"आईसारखा नाही?"

तिने चमचा खाली ठेवला. "तूच सांग, एली. तू दोनदा घ्यायचास."

मी घास घेतला. तिचे म्हणणे खरे होते. मुरंबा होता, साय होती, व्हिनेगरचा किंचित आंबटपणा होता. पण त्यामागे काहीतरी असे, एक हिरवी, गुलाबासारखी, थोडी मिरमिरीत छटा, ती नव्हती. गेली एकोणतीस वर्षे गावातल्या प्रत्येक घरी मी हाच पुस्तकातला माल्वा खात होतो आणि माझी अशी समजूत होती की ती छटा माझ्या लहान वयाची होती, पदार्थाची नव्हती. म्हाताऱ्या माणसांची अशी समजूत स्वाभाविक असते. मी ती कधी तपासली नव्हती, एवढेच.

घरी आलो तो मात्र वेगळ्या हेतूने. मी कृती नक्कल करताना काहीही गाळलेले नाही, त्या एका निरर्थक ओळीशिवाय, हे मला तिला दाखवून द्यायचे होते. जुन्या कागदांची पेटी काढली. हेस्टरचा कागद पिवळा पडला होता. ओळ न् ओळ ताडून पाहिली. मापे बरोबर, क्रम बरोबर. मग लाल रेघेखालची ती ओळ. 'माल्वा तळाशी, पाठ वर.'

यापूर्वी मी या ओळीचा पहिलाच भाग वाचला होता, असे आता माझ्या ध्यानात आले. 'माल्वा तळाशी' ही पुनरुक्ती आहे असे ठरवल्यावर 'पाठ वर' हे शब्द मी वाचले, पण त्यांचा विचार केला नाही. शाळेत मी मुलांना बजावत असे की वाक्यातला एक शब्द जरी अर्थात बसत नसेल तरी चूक त्या शब्दाची न मानता आधी आपल्या अर्थाची माना. पुडिंगाला पाठ नसते. भांड्याला तळ असतो, पाठ नसते. मग पाठ कोणाला असते? मी बराच वेळ बसलो, पण उत्तर आले नाही. मला उत्तराची सवय होती. शोधण्याची उरली नव्हती.

ईस्टरच्या पहाटे पितळी वाजंत्र्यांचा ताफा घरांवरून वाजवत गेला आणि आम्ही सगळे कबरस्थानात जमलो. चुन्याने पांढऱ्या केलेल्या कबरींमध्ये उभे राहून डोंगरावर सूर्य येईपर्यंत गायचे, ही आमची रीत. डेलिया हेस्टरला धरून आईच्या कबरीपाशी घेऊन आली. बाकीच्यांनी शेवंती आणली होती. हेस्टरने कोटाच्या खिशातून माल्वाची एक डहाळी काढली, बोटांनी चाचपून तिची दोन पाने खुडली आणि कबरीवर ठेवण्याआधी ती तळहातावर चुरडली.

वास माझ्यापर्यंत आला.

हिरवा, गुलाबासारखा, थोडा मिरमिरीत. मी गाता गाता थांबलो. तिच्या तळहातावर पान उलटे पडले होते. वरची बाजू गुळगुळीत असते, पण खालची खरखरीत, शिरांनी उठलेली, लव असलेली.

"पाठ," मी म्हणालो.

"काय?" डेलियाने विचारले.

"पानाला पाठ असते."

हेस्टरने मान वळवली. तिच्या डोळ्यांना मी दिसत नव्हतो, पण ती माझ्याकडेच पाहत होती. "असते," ती म्हणाली. "गा आता. लोक बघतायत."

कबरस्थानातून उतरताना मी तिच्या दुसऱ्या बाजूने चालत होतो. "सुस, तळाशी माल्वाची पानं घालायची. तू पदार्थाबद्दल लिहिलंच नव्हतंस, झुडपाबद्दल लिहिलं होतंस."

"हं."

"पण तेव्हाच सांगायचं होतंस! एवढंच म्हणायचं होतं की पानं. एक शब्द. 'पानं' हा शब्द घातला असतास तर संदिग्धता राहिली नसती. वाक्याची रचना पाहता कोणीही—"

"कोणीही नाही, एली. तू." ती थांबली. "त्या बायकांच्या घरी कुणी पान घालत नव्हतं. ते आईचं होतं, डोंगरापलीकडनं आणलेलं, तिच्या आईचं. त्यांना माहीत नसणारच. पण तू दोनदा घ्यायचास ना दर रविवारी. मला वाटलं, ओळखेल. आत्ता ओळखेल, मग ओळखेल. मग घंटा बसली."

"मी पान कधी पाहिलं नव्हतं," मी म्हणालो. ते खरे होते आणि तरी मला तो बचाव लुळा वाटला. "आई वरून वाढायची. माझ्या ताटलीत पान कधीच आलं नाही."

"येणार नाहीच. गुळगुळीत बाजू लोण्याला चिकटते. म्हणून पाठ वर. खाणाऱ्याच्या तोंडात येऊ नये म्हणून." ती पुन्हा चालू लागली. "पान कोणाला दिसतं, सांग."

डेलिया खालच्या आवाजात म्हणाली, "भांडं घासणाऱ्याला."

आम्ही उतार उतरलो. मिशनच्या पाटाला पाणी आले होते आणि वाटेकडेला कोणाच्या तरी झाडाची त्या वर्षीची शेवटची पिवळी, पेरूएवढी बिहीफळे पडली होती. दारापाशी आल्यावर हेस्टर म्हणाली, "संध्याकाळी ये. कोट काढून ये. माझे हात आहेत, डोळे नाहीत. तुझे डोळे लागतील."

"मी चुकलो, असं म्हणतो," मी म्हणालो.

"म्हणतोस की चुकलास?"

"चुकलो."

"मग ये."

संध्याकाळी मी गेलो. तिची चूल आता गॅसची होती, पण भांडे तेच, निळ्या काठाचे, एका जागी एनॅमल उडालेले. ते तेवढे अजून खोक्यात भरले नव्हते. दाराशी, पत्र्याच्या डब्यात, आईचेच झुडूप होते. म्हणजे त्याच्या फांदीच्या फांदीची फांदी. तिने मला सहा पाने आणायला सांगितली आणि बोटांनी मोजून त्यातले एक परत केले.

"किडकं आहे."

"तुला दिसत नाही ना?"

"हाताला दिसतं. मास्तर, लोणी सगळीकडे लाव, काठाला पण. तू कंजूष आहेस, लोण्यात कळतं ते." मी लोणी लावले. "आता पानं. माल्वा—"

"तळाशी," मी म्हणालो, "पाठ वर."

ती हसली नाही. पण तिने चमचा माझ्या हातून घेतला आणि मिश्रण स्वतः फेटू लागली. सत्याहत्तरीच्या पुढच्या त्या हाताचा वेग मी पाहत राहिलो. मध्येच ती थांबून ऐके. मिश्रण चमच्यावरून पडण्याच्या आवाजावरून तिला ते कळे. मी घड्याळ लावू लागलो तर म्हणाली, "ते खिशात ठेव. वास येईल तेव्हा काढायचं." वास आला तेव्हा तिने आणि मी एकदमच मान वर केली.

डेलियाने उकळती साय आणली. हेस्टरने तिच्याकडून भांडे घेतले, माझा अंगठा केकच्या काठावर ठेवून जागा पक्की केली आणि ओतले. केक पिऊ लागला. आम्ही तिघे ऐकत होतो.

"तहान लागली होती त्याला," मी म्हणालो.

"एकोणतीस वर्षांची," हेस्टर म्हणाली.

मग तिने वरून वरून वाढले. त्या घासाविषयी मी अनेक वाक्ये लिहून खोडली आहेत, कारण प्रत्येकात विशेषण अधिक होते. एवढेच लिहितो की मी दोनदा घेतले, आणि दुसऱ्यांदा घेताना माझे वय किती आहे याचा मला विसर पडला होता.

दुसऱ्या आवृत्तीविषयी मी बोललो. म्हणालो की त्या ओळीला आता खाली टीप द्यायला हवी: माल्वा म्हणजे येथे झुडपाची पाने अभिप्रेत असून—

"टीप नको," ती म्हणाली. "मी लिहिलं तसंच घाल. शेपूट लावू नकोस."

"पण वाचणाऱ्याला कळणार नाही, सुस. तो विचारील, माल्वात माल्वा कसा?"

"विचारू दे. विचारलं की कोणीतरी सांगतं. तू विचारलं नाहीस, तू वाचून दाखवलंस." डेलियाकडे तोंड करून ती म्हणाली, "ताटल्या उचल ग."

डेलिया उठली. तिच्या आधी मी उठलो. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी कधी भांड्याला हात लावला नव्हता; डेलिया माझ्याकडे पाहत राहिली, मग बाजूला झाली. मी अस्तन्या वर केल्या, निळ्या काठाचे भांडे मोरीत घेतले आणि राहिलेला चुरा काढला. सायीच्या गोडसर थराखाली पाच पाने तळाला चिकटलेली होती, पाठ वर करून. लोण्यात शिजून ती काळपट हिरवी झाली होती. त्यांच्या शिरा उठून दिसत होत्या, आणि चुऱ्याच्या ज्या तुकड्याला त्यांनी धरून ठेवले होते, त्याच्यावर त्याच शिरांचा ठसा होता. ही पाने दर रविवारी अशीच येथे असणार. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असताना.

"दिसली का?" हेस्टरने खुर्चीवरून विचारले.

"दिसली."

"नखाने काढ. घासणीने काढू नकोस, एनॅमल जातं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि ते भांडं पुसून तुझ्याकडे ठेव. तिकडे डेलियाकडे ढीग आहे भांड्यांचा. झुडपाची फांदी पण ने. तुझ्या हाताने जगते का बघू."

मी पहिले पान नखाने सोडवले. ते अजून गरम होते.